भाऊजी, तुमची बॅरल

भाऊजी,

मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला होता. स्मरणिकेत तुमच्यावर एक पान द्यायचं ठरलंय म्हणे. "वंदनाताई, पाचशे शब्द पुरेत. थोडं पॉझिटिव्ह ठेवा. आणि ते बंदुकीचं वगैरे नको हं. लहान मुलं वाचतात." लहान मुलं! अख्ख्या मॉरिसव्हिलमधलं एक तरी पोर मराठी स्मरणिका वाचताना मला दाखवा, मी त्याची मिरवणूक काढते. आईबाप तरी कुठे वाचतात? आपला फोटो नीट आलाय का तेवढं बघतात आणि अंक गराजमध्ये टाकतात. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि लिहायला बसले ते हे. ह्यात बंदूकच आहे. छापायचं नसेल तर न छापोत.

प्रार्थनासभेत तुमच्याबद्दल काय काय ऐकलं म्हणून सांगू! "अविनाशराव म्हणजे अगदी मितभाषी." डिशवॉशरमध्ये चमचे उभे ठेवायचे की आडवे, यावर माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून वीस मिनिटं बोललेला माणूस मितभाषी? "कधी कुणाला दुखावलं नाही." अहो, मला विचारा ना! पण मला कुणी विचारलं नाही. मी मागच्या रांगेत बसून नाक मुरडत होते आणि शेजारची बाई मला टिश्यू देत होती. तुमच्या ऑफिसातले ते गृहस्थ, ज्यांना तुम्ही पाठीमागे 'अजागळ' म्हणायचात, त्यांनी श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला आणि तुमच्या सख्ख्या भावाला, कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "निदान ते... रायफलचं काही नव्हतं ना?" श्रीकांतनं सांगितलं, हार्ट अटॅक, दुकानाच्या पार्किंगमध्ये, हातात कोथिंबिरीची जुडी होती. गृहस्थांचा चेहरा उतरला हो. कोथिंबिरीनं त्यांची फार निराशा केली.

असो. तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच आहे.

तुम्ही गेल्याला पाच आठवडे झाले. गेल्या शनिवारी शैलाताईंनी मला बोलावलं. जाऊबाईंना तुमचे शर्ट कपाटात चालतात, तुमच्या चपला दाराशी चालतात, पण गराजमधल्या तिजोरीतली रायफल आता घरात नको झालीय. रायफल इराची, तिनंच न्यायची, म्हणून तुमची लेक तिच्या त्या स्टेट कॉलेज गावाहून गाडी चालवत आलेली. मला म्हणाली, "काकू, बाबांनी लावलेली बॅरल काढून देशील? आय'ल टेक इट टू अ गनस्मिथ. अशी वापरणं सेफ नाही ना, तूच म्हणाली होतीस." मी म्हटलं, देते. ती वर आईबरोबर तुमचे कागद आवरायला गेली आणि मी तुमच्या त्या दळभद्री बाकापाशी उभी राहिले.

तुमच्याच लाकडी ठोकळ्यांत बॅरलची नळी धरली, शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या त्या व्हाइसमध्ये, आवळली, पाना लावला. पहिल्या हिसक्याला बाक हलला. दुसऱ्या हिसक्याला भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. तिसऱ्याला आटे सुटले. बॅरल हातानं फिरवत बाहेर काढली आणि नेहमीच्या सवयीनं दोन्ही तोंडं उजेडात धरून बघितली. रायफलच्या ज्या पेटीत बॅरल आटे फिरवून बसते, तिच्या तोंडावर, बॅरलचा खांदा जिथे येऊन टेकतो अगदी तिथे, एक लाल चपटी टिकली चिकटलेली होती. नखानं उचलली. ग्रीसमध्ये मुरलेली होती. बोटावर चुरडली तर पीठ झालं.

तांदूळ होता भाऊजी. कुंकू लावलेला. अक्षता.

उरलेला तुकडा मी मायक्रोमीटरमध्ये धरला. तीन थाऊ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. कागदाहून पातळ. दसऱ्याला तुमची बॅरल बाहेर राहायला तेवढं पुरे होतं. मी तुमच्या त्या स्टुलावर बसले, ज्याचा चौथा पाय तुम्ही चार वर्षांत लावला नाहीत, आणि पडता पडता वाचले.

म्हणजे तुमच्या हाताचं काही चुकलं नव्हतं. आणि तुमची मुलगी आजही समजून आहे की बाबाला जमलं नाही. तुम्हीही तेच समजून गेलात. तिला तसं समजावणारी मी, तुम्हाला समजावणारी मी, आणि त्या अक्षता टाकणारीही मीच. वरून इराच्या हसण्याचा आवाज आला, तुमची कुठली तरी जुनी फाइल सापडली असेल. मी तो तुकडा आणि चुरा टिश्यूत गुंडाळून खिशात घातला. सांगायचं की गपचूप घरी जायचं, एवढंच ठरवायचं होतं. खरं सांगते, पाऊल दाराकडेच वळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, वंदना, मुद्द्याचं सांग. मुद्द्याचंच सांगतेय. तुम्ही आयुष्यभर मुद्दा सोडून सगळं सांगितलंत, आता जरा ऐका.

तुमची तत्त्वं! काय ती तत्त्वं होती! ह्या देशातल्या बंदुकांवर तुमची व्याख्यानं ऐकून माझे कान किटले. जेवायला बसलं की सुरू. इरा युनिव्हर्सिटीत रायफल क्लबात जाते, कागदावरच्या गोल ठिपक्यावर नेम धरते, हे कळलं तेव्हा तुम्ही तिच्याशी आठ महिने बोलला नाहीत. पोटच्या पोरीशी! फोन शैलाताईंच्या हातात द्यायचा आणि शेजारी बसून 'तिला विचार जेवली का' म्हणायचं. ती शिकली, तिथेच नोकरीला लागली, आपल्या घराण्यात पहिलीच जी माणसांना सोडून जंगलातली अस्वलं मोजते. त्यावरही तुमचं नाक वर. "अस्वलं मोजायला एवढं शिक्षण?" तुम्ही सारा जन्म कॉन्फरन्स कॉलवर काय मोजलंत, ते सांगा की.

आणि मग एका उन्हाळ्यात इरा घरी आली, रायफल टेबलावर ठेवली आणि म्हणाली की बॅरल झिजलीय, नवी तयार मिळते, कुणाकडून तरी बसवून घेणार. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "कुणाकडून कशाला? घरच्या घरी बसते की. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे." शैलाताईंच्या हातातला चमचा पडला. मेकॅनिकल इंजिनियर! डिग्री घेतली त्या वर्षी तुम्ही कॉम्प्युटरच्या कंपनीत घुसलात, त्यानंतर तीस वर्षांत स्क्रू ड्रायव्हर धरला तो बॅटरीचं झाकण उघडायला. पण मला कळलं होतं तुमचं गणित. मुलीशी बोलायला दुसरा विषय सापडेना, म्हणून बंदूक. तत्त्वं गेली चुलीत. मला तेव्हा फार हसू आलं होतं, आणि मी ते लपवलंही नाही.

मग सुरू झाला तुमचा प्रोजेक्ट. प्रोजेक्टच तो, कारण तुम्ही त्याचा प्लॅन केलात. बावीस स्लाइड! 'रिस्क' नावाची एक वेगळी स्लाइड, त्यात पहिली रिस्क 'वंदना'. मी बघितली बरं का. हत्यारं काय, तर एक शेगडा, दोन ओकचे ठोकळे, पकड घट्ट यायला राळेची पूड, एक पाना आणि गाडीच्या चाकांचे नट आवळायचा, जोर पुरेसा झाला की 'टक' करणारा तो टॉर्कचा दांडा. एवढ्यावर काम होतं हे खरं आहे, माणूस नीट असेल तर. तुम्ही शेगडा कशावर बसवलात? जुन्या डायनिंग टेबलावर! ज्याच्यावर पोळी लाटली तरी ते चालायला लागतं. मी म्हटलं, भाऊजी, आधी बाक जमिनीला बोल्ट मारून घट्ट करा. तर म्हणे, "तू फॅक्टरीतलं नको सांगूस, हे होम-स्केल आहे." चष्म्यावर गॉगल, गॉगलवर डोक्याला टॉर्च. मी श्रीकांतला म्हटलं, तुझा भाऊ विहिरीत उतरतोय की काय!

पण दर शनिवारी संध्याकाळी इराचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तुम्ही दोघं तासतासभर बोलायचात. "बाबा, आट्यांना किती ग्रीस लावणार?" "हे बघ, एवढं." "टू मच, बाबा!" "बरं, पुसतो." आठ महिने अबोला धरणारा माणूस मुलीच्या सांगण्यावरून ग्रीस पुसत होता. त्या ग्रीसवरून तुम्ही दोघं भांडायचात, हसायचात, आणि पलीकडे शैलाताई भाजी निवडत नुसत्या ऐकत बसायच्या. हे मी दारातून बघितलंय. मला बरं वाटायचं. ते मात्र मी लपवलं.

मग दसरा आला. इथे सगळे सण शनिवारीच येतात, पंचांगाला विचारतो कोण. इरा विमानानं आली होती. तुम्ही नास्तिक म्हणवून घेणार, पण शस्त्रपूजेला पाट मांडायला सगळ्यांत पुढे. ह्या वर्षी तर खरंखुरं शस्त्र! पाटावर इराचा लॅपटॉप, माझे मायक्रोमीटर, गाडीच्या किल्ल्या, तुमचा टॉर्कचा दांडा, आणि मध्यभागी उघडी रायफल. बॅरल बाजूला, पेटीचं तोंड आ वासून वर. आदल्या दिवशीच तुम्ही ते धुऊन पुसून, प्लॅनप्रमाणे, ग्रीसचा हात फिरवून तयार ठेवलेलं. पूजा माझ्याकडे, कारण शैलाताईंचे गुडघे.

आता हे ऐका. माझे अण्णा सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूम चालवायचे. खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक लेथला झेंडूची माळ, हळदकुंकवाचं बोट आणि नारळ. पण अक्षता नाहीत. अक्षता टाकायला गेलं की अण्णा मनगट धरायचे. "यंत्राला फूल वाहायचं, दाणा नाही. दाणा आत जातो." हे मला माझ्या नावासारखं पाठ आहे. आजही मी कामावर माझ्या मशिनपाशी कुणाला बिस्कीट खाऊ देत नाही.

आणि तरी मी त्या दिवशी मूठभर अक्षता घेतल्या आणि त्या रायफलवर टाकल्या. वाहिल्या नाहीत, टाकल्या. "घ्या तुमचं शस्त्र! होऊ द्या एकदाचं लग्न बॅरलशी!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. माझ्या मनात त्या वस्तूला यंत्राचा मान नव्हताच मुळी. अण्णांच्या गंजक्या लेथला मी जी अदब दाखवायचे, ती तुमच्या कामाला दाखवावी असं मला वाटलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आणि तुम्ही तरी कसले हो! दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागण्याआधी फडकं मारायचं की नाही? ब्रश फिरवायचा की नाही? नाही. नास्तिक गृहस्थांनी पूजेच्या अक्षता एकेक करून बोटानं उचलल्या आणि तुळशीच्या कुंडीत नेऊन घातल्या. मी बघत होते. म्हटलं, व्हॅक्यूम लावा की. तर म्हणालात, "पूजेचं आहे, झाडू नये." वीस-पंचवीस दाणे वेचलेत. एक ग्रीसमध्ये बुडाला होता, तो दिसला नाही. चष्मा, गॉगल, टॉर्च, एवढं सगळं असून!

दुपारी तुम्ही बॅरल चढवलीत. इरानं टेबल दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, कारण ते चालायला लागलं होतं. दांड्याचा 'टक' आवाज आल्यावर तुम्ही घाम पुसलात आणि माझ्याकडे बघितलंत. "चला बाई, इन्स्पेक्टर, या." मापाचे दोन गुटके असतात. पहिला आत घालून बोल्ट, म्हणजे रायफलची मागची खिट्टी, मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. पहिल्यावर मिटला. दुसऱ्यावरही मिटला. लोण्यासारखा. मी तीनदा बघितलं, कारण मी कशालाही तीनदा बघते. म्हणजे आत जागा जास्त राहिलेली होती, आणि अशा रायफलला गाल लावून घोडा ओढणं म्हणजे डोळ्याशी खेळ. मी म्हटलं, "नापास."

माप माझं बरोबर होतं भाऊजी. ते आजही मी छातीवर हात ठेवून सांगेन. तिथेच थांबले असते तर काही बिघडलं नसतं.

तुम्ही म्हणालात, "खांद्यापाशी काहीतरी अडकलं असेल. खोलून बघतो."

तुम्ही म्हणालात. ह्याच शब्दांत. आणि मी काय म्हटलं ते मला पाठ आहे, कारण गेला आठवडाभर तेच ऐकतेय. मी म्हटलं, "खोलून काय दिसणार? तुमचे हात दिसणार. नाचता येईना, अंगण वाकडं! भाऊजी, ही स्लाइड नव्हे, ह्याला कसब लागतं." आणि मग इराकडे वळून, "इरा, ह्या रायफलला गाल लावायचा नाही. बाबांचं काम आहे हे." हे शेवटचं वाक्य कशाला बोलले? न बोलता भागलं असतं. पण तेव्हा जीभ नुसती चुरूचुरू चालत होती.

इरा तुमच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "इट्स ओके, बाबा. लेट इट गो. मी कुणाला तरी देते." इतकं मऊ म्हणाली. ती चिडली असती तर तुम्ही भांडला असतात. तुम्ही टॉर्च डोक्यावरून काढला, बंद केला, खणात ठेवून दिला. रायफल तिजोरीत गेली आणि तो विषय घरातून उठला. शनिवारचे कॉल पुन्हा 'जेवलीस का' वर आले.

दिवाळीला तुम्ही माझ्या घरी फराळाला आलात आणि चकली मोडून म्हणालात, "छान झालीय." बस! पूर्वी चकलीच्या काट्यांवर, तेलाच्या तापमानावर, भाजणीतल्या धण्यांवर भाषण व्हायचं. आणि हे 'छान झालीय.' मला वाटलं, फुगलेत, फुगू देत. पुणेरी माणूस किती दिवस गप्प बसणार! आज ना उद्या येतील वाद घालायला, तेव्हा आणखी दोन सुनवीन. तयार करून ठेवली होती हो वाक्यं. एकाहून एक जहरी. आता ती घेऊन कुठे जाऊ?

अंगण खरंच वाकडं होतं, भाऊजी. मीच वाकडं केलं होतं.

आता ते दुसरं सांगते, जे प्रार्थनासभेत कुणाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मी लग्न करून इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. सहा वर्षं मी ह्या देशात भांडी घासली आणि खिडकीतून कचऱ्याची गाडी बघितली. श्रीकांत म्हणायचा, आराम कर. तुम्ही एक दिवस आलात आणि भाषण सुरू केलंत. "अण्णांची मुलगी तू, आणि वरण मोजतेस?" कम्युनिटी कॉलेजात मापनाचा कोर्स असतो, हे तुम्ही शोधून काढलं होतं. पहिल्या दिवशी तुम्हीच गाडीतून सोडलंत, आणि वाटेत पूर्ण वेळ सिग्नलच्या टायमिंगवर बोललात, त्यामुळे मला घाबरायला वेळच मिळाला नाही. परवानगी आली त्या महिन्यात मला फॅक्टरीत क्वालिटीला नोकरी लागली. आज माझ्या सहीशिवाय तिथून एक पार्ट बाहेर जात नाही. ही सही मला तुम्ही दिलीत. उपकार आहेत, मान्य. पण त्या सहीनं मी तुम्हालाच नापास केलं, आणि तुमच्या मुलीसमोर केलं.

तर शनिवारी मी दारापर्यंत गेले होते. किल्ल्या हातात होत्या. इरा जिन्यावरून खाली आली. "झालं का काकू?" म्हणाली. मी म्हटलं, "झालं." ती बॅरलवरून हात फिरवत म्हणाली, "ही ट्राइड सो हार्ड, यू नो. बाबांना हे जमणारच नव्हतं, पण ही ट्राइड." कीव होती त्या आवाजात. बापाची कीव! तुम्हाला अख्ख्या जगानं मूर्ख म्हटलं तर मला चालतं, मी स्वतः रोज म्हणते. पण त्या पोरीच्या तोंडी तुमची कीव मला ऐकवेना.

मी टिश्यू काढला आणि टेबलावर उघडला. सगळं सांगितलं. अण्णांचं, अक्षतांचं, तीन थाऊचं. "बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं काहीतरी अडकलंय. मी खोलू दिलं नाही. त्यांचं काम बरोबर होतं इरा. घाण माझी होती." ती टिकलीचा तो चुरा बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "काकू, मी त्यांना थँक्सगिव्हिंगला विचारलं होतं. म्हटलं, बाबा, आपण दोघं उघडून बघू या का? मला बघायचं होतं." चुरा बोटानं सरकवला. "ही सेड नो. म्हणाले, वंदनानं बघितलंय ना, मग माझंच चुकलं असणार. शी नेव्हर गेट्स इट राँग."

भाऊजी, तुम्हाला दुसरं काही म्हणता आलं नाही? 'ती शिष्ट आहे' म्हणायचं होतंत. 'तिला काय कळतं बंदुकीतलं' म्हणायचं होतंत. एरवी चमच्यांवरून माझ्याशी वीस मिनिटं वाद घालायचात, आणि जिथे तुमचं खरं होतं तिथे माझ्यावर विश्वास टाकून गप्प बसलात! एवढा कसला हो विश्वास? कुणी मागितला होता? मी त्या तीन पायांच्या स्टुलावर बसून रडले. प्रार्थनासभेत नव्हते रडले. इरानं मला रडू दिलं, जवळ आली नाही, आणि ते तिनं बरोबर केलं.

तिनं ब्रश घेतला. पेटीचं तोंड साफ केलं, आटे साफ केले, उजेडात धरून बघितलं, पुन्हा साफ केलं. ग्रीस लावलं, अगदी थोडं. मी टेबल धरायला उठले तर म्हणाली, "नको, आय गॉट इट," आणि कंबर टेकवून स्वतःच टेबल अडवलं. बॅरल चढवली. तुमचे तेच ठोकळे, तीच राळ, तोच गाडीचा दांडा. 'टक' झालं. पहिला गुटका घातला, बोल्ट मिटला. दुसरा घातला. बोल्ट अर्ध्यावर येऊन थांबला. तिनं बोटानं हलकेच दाबून बघितलं. नाही मिटला. मी सवयीनं हात पुढे केला, तिसऱ्यांदा बघायला. तिनं गुटका मला दिला नाही. स्वतःच तिसऱ्यांदा बघितलं.

गनस्मिथकडे न्यायचं आता काही उरलं नव्हतं. तिनं रायफल तिच्या बॅगेत ठेवली, गाडीत नेऊन लॉक केली, आत येऊन आईला मिठी मारली. निघताना गाडीची काच खाली करून मला म्हणाली, "यू टोल्ड मी. आता त्यांना सांग."

मी म्हटलं, "कुणाला?"

"बाबांना. अँड से इट इन मराठी, काकू. माझं मराठी तेवढं चांगलं नाहीये."

म्हणून हे लिहिलं. भाऊजी, बॅरल तुम्ही बरोबर बसवली होती. चुकलं माझं.